डाव मांडणाऱ्याची पारख

दिवाळीच्या पाडव्याला पंचांगात आणखी एक नाव आहे : द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा आहे आणि म्हणून पाडव्याला घरातल्या घरात फासे टाकावेत असा जुना संकेत आहे. ओवाळणी, वहीपूजन आणि फराळ यांच्या गर्दीत तो आता बहुतेक घरांतून मागे पडला. ज्यांनी लहानपणी पाहिला असेल त्यांना आठवेल, की पटाभोवती सारी घरचीच माणसे असत, पणाला सुपाऱ्या नाही तर चिंचोके असत आणि कवड्या कोणी दाबून टाकल्या तर समोर बसलेली काकू लगेच हात धरी. खेळ सचोटीचा आहे की नाही, हे ठरवायला दोन डोळे पुरत.

आता पट मोबाईलच्या काचेपलीकडे मांडला जातो. फासे टाकणारा दिसत नाही, त्याचा हात दिसत नाही, तो कोणत्या देशात बसला आहे हेही कळत नाही. दिसतात ती रंगीत चाके, ऐकू येतो तो नाणी पडल्याचा आवाज, आणि वर ‘शंभर टक्के सुरक्षित’ अशी पाटी! अशा ठिकाणी साध्या माणसाने भरवसा ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

मी मराठीचा प्राध्यापक. आकडेमोडीशी माझा संबंध पगाराच्या आणि पेपर तपासण्याच्या दिवसांपुरता. पण २०२५ च्या डिसेंबरात हा प्रश्न माझ्याच दाराशी येऊन उभा राहिला. माझ्या वर्गातला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, “सर, हे इंग्रजी पत्र जरा वाचून सांगता? शब्द कळतात, पण अर्थ लागत नाही.”

पत्र एका ऑनलाईन कॅसिनोचे होते. टेलिग्रामवरच्या कुठल्याशा गटातून त्याला त्याचा पत्ता मिळाला होता. दोन महिन्यांत थोडे थोडे करून चिरंजीवांनी १४,००० रुपये भरले होते आणि पडद्यावर त्यांच्या नावे ६२,००० रुपये जमा दिसत होते. ते काढायला गेल्यावर हे पत्र आले. जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर आहे. तो, म्हणजे १८,६०० रुपये, आधी भरावा. मग चोवीस तासांत सर्व रक्कम खात्यावर येईल. दुसऱ्या सत्राच्या फीसाठी आईने दिलेले वीस हजार त्या क्षणी मुलाच्या खात्यात होते. त्याला पत्राचा अर्थ नकोच होता. ‘भर’ असे कोणीतरी वडीलधाऱ्याने म्हणावे, एवढेच हवे होते.

मी म्हटले, “बस. चहा घे. आज रात्री एक पैसाही भरायचा नाही. आधी आपण हे सारे नीट वाचू.”

अटींचे वाचन

पुढचे दोन तास आम्ही कवितेचा अर्थ लावावा तशा त्या अटी वाचल्या. पहिली गोष्ट कराची. ऑनलाईन खेळांत जिंकलेल्या निव्वळ रकमेवर तीस टक्के कर कापून घेण्याची तरतूद आपल्या प्राप्तिकर कायद्यात २०२३ मध्ये आली, हे खरे. पण तो कर देणाऱ्याने देय रकमेतून कापायचा असतो. कर भरण्यासाठी आधी वेगळे पैसे आणा, असे कोणी म्हणत नाही. माझा पगार देताना कॉलेज ‘आधी कर आणून द्या’ म्हणत नाही, तसेच. तीस टक्के हा आकडा मात्र खरा होता, आणि खोट्याला खऱ्याची फोडणी दिली की वास बरा येतो.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. मुलाने यूपीआयने जेव्हा जेव्हा पैसे भरले, तेव्हा तेव्हा घेणाऱ्याचे नाव वेगळे होते. आज एक गृहस्थ, उद्या एक बाई, परवा कुठलेसे किराणा दुकान. ज्या धंद्याला स्वतःच्या नावाचे बँकेतले खाते नाही, त्याच्याशी व्यवहार तो काय करायचा? अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि त्या भाडेकरूंच्या मागे पोलीस पोहोचेपर्यंत रक्कम पुढे गेलेली असते.

तिसरी गोष्ट परवान्याची. पानाच्या तळाशी एक सुरेख शिक्का होता. त्यावर बोट टेकवले तर काहीच उघडेना. परवाना देणाऱ्या देशांत ज्याच्या हाती ती सत्ता आहे ते कार्यालय आपली नोंदवही लोकांसाठी खुली ठेवते. तिच्यात कंपनीचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि तिचे संकेतस्थळ ताडून पाहता येते. ते ताडून पाहता येत नसेल, तर शिक्का हा नुसता चित्रकलेचा नमुना. पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाचेही तसेच. ते कुलूप एवढेच सांगते, की तुमचे आणि समोरच्याचे बोलणे तिसरा ऐकत नाही. चोराशी दार लावून बोलले म्हणून चोर साव होत नाही.

चौथी गोष्ट माझ्या विषयातली. त्या अटींमध्ये खेळाडूची कर्तव्ये सांगताना प्रत्येक वाक्याला ठसठशीत कर्ता होता : तुम्ही भराल, तुम्ही मान्य कराल, तुम्ही कागदपत्रे द्याल. कंपनीवर काही द्यायची वेळ आली, की कर्ता गडप! रक्कम ‘दिली जाऊ शकते’, खाते ‘गोठवले जाऊ शकते’, विलंब ‘होऊ शकतो’. आणि हे सारे ‘कंपनीच्या मर्जीनुसार’. घ्यायचे तेव्हा कर्तरी आणि द्यायचे तेव्हा कर्मणी, असा प्रयोग ज्या कागदावर दिसेल, त्यावर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

“पण सर,” मुलगा म्हणाला, “एकदा मी आठशे रुपये काढले होते. ते लगेच आले.”

तिथेच तर सारी मेख आहे. गळाला आधी थोडे पीठ लावावे लागते. लहान रक्कम झटपट परत करायची, म्हणजे मोठी रक्कम भरताना हात कापत नाही. आठशे रुपये परत आले ही सचोटीची खूण नव्हती. तो धंद्याचा खर्च होता.

आणि त्याला धीर देणाऱ्या त्या ‘सर्वांत विश्वासू दहा कॅसिनो’ वगैरे याद्या? अशा याद्या करणाऱ्यांपैकी पुष्कळांना पाठवलेल्या प्रत्येक खेळाडूमागे कॅसिनोकडून दलाली मिळते. कित्येकदा ती खेळाडू जितका हरेल त्याच्या हिश्शात असते. वराच्या मामाने वराची दिलेली प्रशस्ती आपण जितकी मनावर घेतो, तितकीच ही घ्यावी.

परवाना होता, तरीही

मुलगा हुशार. सगळे ऐकून त्याने योग्य तोच प्रश्न विचारला, “म्हणजे हे खोटे. मग खरे कसे ओळखायचे?”

यात दोन प्रश्न मिसळले आहेत. फासे खरे आहेत का, हा एक. आणि जिंकलेले हाती पडेल का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे इतिहासात मिळतात.

फाशांचे आधी. मुंबईचा मटका मुळात कापसाच्या आकड्यांवर चालत असे. न्यूयॉर्कच्या बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. धंदा बेकायदाच, पण आकडा सातासमुद्रांपलीकडून यायचा, तो मुंबईच्या बुकीच्या हातात नव्हता. साठीच्या सुरुवातीला तो मार्ग बंद झाला आणि मटक्यातून चिठ्ठ्या व पुढे पत्ते काढणे सुरू झाले. आकडा डाव मांडणाऱ्याच्याच हाती आला. ऑनलाईन कॅसिनोत आकडा यंत्र काढते आणि ते यंत्र कॅसिनोचेच असते. म्हणून ते बाहेरच्या कोणी तपासले आहे का, हे पाहावे लागते. लंडनची ईकोग्रा ही संस्था २००३ पासून असली तपासणी करते. अमेरिकेतली जीएलआय ही प्रयोगशाळा १९८९ पासूनची. तपासणीचा दाखला त्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर सापडला तर खरा.

पण तपासणी आणि परवाना असूनही घात होतो. ऑनलाईन पोकर चालवणाऱ्या ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ या कंपनीला कॅनडात माँट्रिअलजवळच्या कानावाके या मोहॉक लोकांच्या प्रदेशातल्या आयोगाचा परवाना होता. २००७ मध्ये तिथे एक खेळाडू असा जिंकू लागला, की जणू समोरच्याची झाकलेली पाने त्याला दिसत होती. आणि ती खरोखरच दिसत होती! कंपनीच्या आतल्याच माणसाची ती करामत होती. हे शोधून काढले ते आयोगाने नव्हे, तर हरलेल्या खेळाडूंनी. एकाने आपल्या खेळाची नोंद मागितली, कंपनीने चुकून सर्वांची पाने असलेली नोंद धाडली आणि मंडळींनी डावामागून डाव तपासून लबाडी उघड केली. २००८ च्या जानेवारीत आयोगाने कंपनीला पाच लाख डॉलर दंड केला.

दुसरी कथा पैशांची. ‘फुल टिल्ट पोकर’ला आल्डर्नी या ब्रिटिश बेटाचा परवाना होता आणि नाव तर जगभर. अमेरिकी सरकारने २०११ मध्ये दप्तर उघडले, तेव्हा दिसले की त्या वर्षीच्या ३१ मार्चला कंपनी खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. बाकीचा पैसा मालकांनी वाटून खाल्ला होता. पडद्यावरची शिल्लक आणि तिजोरीतली शिल्लक या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे त्या दिवशी पुष्कळांना कळले. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने सरकारशी तडजोड करून ती विकत घेतली आणि खेळाडूंना पैसे परत मिळण्याची वाट झाली. अमेरिकेतल्या लोकांना मात्र २०१४ पर्यंत थांबावे लागले.

तात्पर्य, परवाना आहे एवढे पुरेसे नाही. परवाना कोणाचा, तो देणारा जागा आहे की निजलेला, आणि खेळाडूंचा पैसा मालकाच्या पैशापासून वेगळा ठेवला आहे का, हे पाहावे लागते.

जिथे हे कायदेशीर आहे

जागा पहारेकरी कसा असतो, ते मला माझ्या मावसभावामुळे पाहायला मिळाले. तो पुष्कळ वर्षे इंग्लंडात लेस्टरला राहतो. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले, तर म्हणाला, “दादा, इथे हा धंदा उघड आहे, म्हणून वहीही उघड आहे,” आणि त्याने तिथल्या गॅम्बलिंग कमिशनची नोंदवही मला दाखवली. २००५ च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली. कोणत्याही कंपनीचे नाव टाकावे. परवाना चालू आहे की रद्द, तिची संकेतस्थळे कोणती, तिला कधी दंड झाला का, सारे समोर येते. कंपनी बुडाली तर तुमच्या पैशाचे काय, तो असंरक्षित आहे, मध्यम संरक्षित की उच्च संरक्षित, हेही ग्राहकाला सांगणे तिथे बंधनकारक आहे.

शिवाय नियम मोठे बोलके आहेत. १४ एप्रिल २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डावर, म्हणजे उसनवारीवर, जुगार खेळता येत नाही. ज्याला आपला हात आवरत नाही त्याने एका ठिकाणी नाव नोंदवले, की परवाना असलेल्या साऱ्या ऑनलाईन कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवायचे. २०२५ पासून ऑनलाईन स्लॉटच्या एका फेरीला पाच पौंडांहून अधिक लावता येत नाहीत; चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना तर दोनच. नियम करणाऱ्यांनाच ज्या धंद्याभोवती एवढी कुंपणे घालावी लागतात, तो धंदा किती ‘सुरक्षित’ ते वाचकांनीच ठरवावे.

लेस्टरच्या माणसाला ही वही उपयोगी. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही, कारण आपल्याकडे असली वहीच नाही. ऑनलाईन पैसे लावून खेळण्याचे सर्व खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला; २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि बँकांना अशा व्यवहारास मनाई, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याला कायद्याने नाडलेलाच मानले आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या जहाजांवरचे कॅसिनो त्या राज्याच्या परवान्याने चालतात, पण तो प्रत्यक्ष जहाजावर जाऊन खेळण्याचा प्रकार. एखाद्या अ‍ॅपवर त्या जहाजाचे चित्र असले, म्हणून त्याचा परवाना अ‍ॅपला लागू होत नाही.

म्हणजे आपल्यापुरते उत्तर सोपे आहे. जो आपल्याला मोबाईलवर पैसे लावायला बोलावतो, त्याने बोलावताक्षणीच कायदा मोडलेला असतो. तो परदेशातल्या खऱ्या परवान्याचा असला, तरी इथे त्याने पैसे अडवले तर दाद मागायला इथले परवाना कार्यालय नाही.

सचोटीच्या घराचा हिशेब

तरीही मुलाच्या मनात एक अढी उरलीच होती. “सर, खरोखरच प्रामाणिक कॅसिनो मिळाला असता, तर मी जिंकलो असतो ना?”

महाभारतातल्या नलाची गोष्ट आपल्याला द्यूतात राज्य गमावणारा म्हणून माहीत असते. पण पुढे ऋतुपर्ण राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजताच अचूक सांगतो आणि ती विद्या, अक्षहृदय, नलाला शिकवतो, हा भाग आपण विसरतो. फाशांचे मर्म मोजण्यात आहे, हे त्या कथाकाराला कळले होते. आम्हीही कागद घेतला आणि मोजायला बसलो.

रुलेटचे युरोपी चाक घ्या. त्यावर शून्यापासून छत्तीसपर्यंत ३७ घरे. तुमचे घर आले, तर लावलेल्या शंभरावर ३,५०० मिळतात आणि तुमचे शंभर परत, एकूण ३,६००. आता समजा, तुम्ही साऱ्या ३७ घरांवर शंभर शंभर लावले. गेले ३,७००; आले ३,६००. शंभर रुपये घराचे! म्हणजे शेकडा २ रुपये ७० पैसे. अमेरिकी चाकावर दोन शून्ये, ३८ घरे, देणे मात्र तेच. म्हणून तिथे घराचा वाटा शेकडा सव्वापाच. यात फसवणूक नाही, चाक खरे आहे, देणे चोख आहे. हाच सचोटीचा कॅसिनो.

स्लॉटच्या खेळावर ‘९६ टक्के परतावा’ असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, हजार भरले तर ९६० नक्की परत. तसे नाही. तो परतावा दर फेरीचा आहे, आणि तोही लाखो फेऱ्यांची सरासरी. आलेले पुन्हा लावत गेलात, तर सरासरीने हजाराचे ९६०, त्याचे ९२१, असे होत सतराव्या फेरीअखेर निम्मेही उरत नाहीत. यंत्रावर एक फेरी काही सेकंदांत होते.

बोनसचा हिशेब याहून गमतीचा. मुलाला हजाराचा बोनस मिळाला होता. अट अशी, की तो काढण्यापूर्वी चाळीसपट रक्कम खेळली पाहिजे. म्हणजे ४०,००० रुपये लावायचे. शेकडा चार घराचे धरले, तर त्यात सरासरी १,६०० जाणार. हजाराच्या बक्षिसासाठी सोळाशे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंग्लंडात जानेवारी २०२६ पासून ही पट दहावर आणून ठेवली आहे, ती उगाच नव्हे.

कागदावरचे आकडे पाहून मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे फसवणारा एका झटक्यात नेतो, आणि प्रामाणिक हप्त्याने.” वर्गात मी याहून चांगले उत्तर क्वचितच ऐकले आहे.

त्या रात्री मी त्याला घरी पोहोचवायला गेलो. आईला सांगायचे त्यानेच ठरवले आणि सांगितलेही. माउली आधी रडली, मग उठून तिने मुलाला जेवायला वाढले. दुसऱ्या दिवशी सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर दोघांनी तक्रार नोंदवली. ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची नावे, तारखा आणि पडद्याची छायाचित्रे जोडली. भरलेले १४,००० अजून परत आलेले नाहीत. फीचे वीस हजार मात्र दुसऱ्या सत्राच्या पावतीवर जमा झाले.

वाचकहो, आपल्या घरातही एखादा मोबाईल रात्री उशिरापर्यंत उजळत असेल. घरातले कोणी छोट्या छोट्या रकमा अनोळखी नावांना पाठवत असेल, उसने मागत असेल, जिंकल्याची गोष्ट सांगून पैसे मात्र दाखवत नसेल, तर रागावण्याआधी जवळ बसावे आणि एवढेच विचारावे, “किती भरलेस आणि किती हातात आले?” आकडे कागदावर मांडावेत, आणि आणखी एकही रुपया जाण्याआधी १९३० ला फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी वाटेतच पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते. लाजेपायी घालवलेला एक दिवससुद्धा तिथे महाग पडतो.